गालातला मांडव

वैजयंता ऐवळे यांच्याशी हळू आवाजात बोलायची मिरजेत कुणाचीच पद्धत नव्हती. ज्या बाईचं उभं आयुष्य ढोल, ताशा आणि ट्रम्पेट यांच्या मधोमध गेलं, तिच्या कानाशी कुजबुजून उपयोग तरी काय? त्यामुळे रुग्णालयातली समुपदेशक मुलगी खुर्ची पुढे ओढून, त्यांचा हात हातात घेऊन मऊ मऊ बोलायला लागली, तेव्हाच वैजयंताबाईंनी ओळखलं की बातमी वाईट आहे.

"मावशी, तुमचा नकाशा आलाय. अंक अकरा आहे. त्यामुळे आपण तुम्हाला 'सोबत'मध्ये घेतोय."

"कुणाच्या सोबत?"

मुलगी गोंधळली. "म्हणजे योजनेचं नाव 'सोबत' आहे. तुम्हाला दुखू नये, झोप नीट लागावी, घरी नर्स यावी, हे सगळं आम्ही बघणार."

"आणि गालातली गाठ?"

"गाठीचा विचार आता नका करू."

"गाल माझा हाय, बाई. मी न्हाई तर मग कोण करणार विचार?"

शेजारी बसलेली त्यांची मुलगी ऋतुजा खाली मान घालून रडत होती. तिला सगळं कळलं होतं. नकाशाचं यंत्र जिल्ह्याच्या रुग्णालयांत आलं त्याला आता काही वर्षं झाली होती आणि त्याची भाषा लोकांच्या अंगवळणी पडली होती. गाठीचा तुकडा यंत्रात जायचा, नकाशा निघायचा आणि नकाशावरून अंक. शंभरातले किती जण पाच वर्षं काढतील, तो अंक. वीसच्या वर असेल तर 'लढत', म्हणजे शरीराच्या शिपायांना जागं करणारं नवं औषध आणि मग छोटीशी शस्त्रक्रिया. वीसच्या खाली असेल तर 'सोबत'. सरकारी खात्यात इतका गोड शब्द कुणाला सुचला कोण जाणे.

वैजयंताबाई किल्ला भागातल्या आपल्या बँडच्या खोलीवर पोचायच्या आधीच अंक तिथे पोचला होता. एरवी त्या आल्या की "मालकीणबाई, चहा सांगा" असा ओरडा व्हायचा. आज सगळे उठून उभे राहिले. ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या गौसभाईंनी तर डोक्यावरची टोपी काढली. कुणीतरी शहाळं आणून ठेवलं होतं. धाकटे दीर मारुती ऐवळे यांनी भिंतीवरची बँडमास्तरची काठी काढून, पुसून, आपल्या थोरल्या मुलाच्या हातात दिली होती. वहिनी दिसताच त्यांनी ती घाईघाईनं परत खिळ्याला लावली.

"लावू नका, दाजी. घ्या हातात," वैजयंताबाई म्हणाल्या. "आज न्हाई तर मी मेल्यावर तुम्हीच उतरवणार न्हवं?"

"वहिनी, तसं न्हवं..."

"तसंच हाय."

त्यांचा खरा संताप झाला तो नंतर. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ऋतुजानं तुळशीच्या लग्नानंतरच्या सगळ्या सुपाऱ्या फोनवरून रद्द केल्या होत्या. आईला विचारलंही नव्हतं. वैजयंताबाईंच्या रागाचं एक वैशिष्ट्य होतं. तो चढला की त्यांचा आवाज उलट खाली यायचा, आणि बँडमधल्या माणसांना ते ठाऊक असल्यानं खोली भराभर रिकामी झाली.

"कुणी सांगितलं हुतं तुला?"

"आई, माझ्या सासूबाईंचा नकाशा ह्याच यंत्रानं काढला. अंक साठ आला, लढत मिळाली, आज त्या पापड लाटतायत. त्या वेळी मी यंत्राच्या पाया पडले. आता तुझ्या वेळी कसं म्हणू की खोटं बोलतंय? मला तू थोडे दिवस शांत बसलेली हवी आहेस. माझ्याजवळ. इतकंच."

हे ऐकून आईचा राग अर्धा उतरला आणि उरलेला दुसरीकडे वळला. "खोटं मी कुठं म्हटलं? पण शेताचा सातबारा मागितला की मिळतो. माझ्या गालाचा नकाशा मला का म्हणून बघायला मिळू नये? उद्या जायचं. तू पण चल."

नकाशा बघायला आजवर कुणी पेशंट आलेलं नव्हतं, त्यामुळे नकाशा विभागात पंचाईत झाली. तिथल्या प्रमुख डॉ. निलोफर मुजावर. दर्ग्याजवळच वाढलेल्या, पुण्याला शिकून परत गावी आलेल्या, आणि यंत्रावर पोटच्या पोरासारखा जीव लावणाऱ्या. त्यांनी आधी नियम आठवून पाहिले. बघू देऊ नये असा नियम कुठेच नव्हता. बघायला कुणी येईल असं नियम करणाऱ्यांना वाटलंच नसणार.

भिंतीएवढा पडदा उजळला. निळ्या, लाल, पिवळसर हिरव्या ठिपक्यांची दाटी.

"हा माझा गाल?"

"गालातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. मावशी, पूर्वी आम्ही गाठ अख्खी दळायचो. वाटणासारखी. त्यात काय काय आहे ते कळायचं, पण कोण कुठे होतं ते कळायचं नाही. आणि कर्करोगात सगळा खेळ कोण कुठे आहे याचाच असतो." निलोफर थांबल्या. समोर बँडवाली बाई आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "लग्नाचा मांडव समजा. किती पाहुणे आले एवढं मोजून लग्न कसं चाललंय ते कळतं का? मांडवात कोण बसलंय, दाराशी कोण ताटकळलंय, कोण कुणाच्या कानाला लागलंय, हे बघावं लागतं. हे यंत्र तुकड्यातली एकेक पेशी जागची न हलवता वाचतं. तिच्यातली कोणती जनुकं चालू आहेत, कोणती झोपलीत, आणि तिचे शेजारी कोण."

"मग लाल कोण?"

"लाल म्हणजे गाठीच्या पेशी. मांडवात ठाण मांडून बसलेल्या. निळे आपल्या शरीराचे शिपाई. ते आत शिरले तर गाठ खातात. आणि हे पिवळसर हिरवे, ते दरवान. खरं तर तेही आपल्याच घरचे, पण गाठीनं त्यांना फितवलंय. ते शिपायांना दारातून परत पाठवतात. दरवान जितके जास्त आणि जितके कडेला दाट, तितका अंक खाली. तुमच्यात बघा, कडेनं नुसता हिरवा गराडा आहे. इथून असा, इथपर्यंत, आणि मग..."

निलोफर बोलता बोलता थबकल्या. त्यांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं. गालाचा तुकडा जिथे संपत होता त्याच्या पलीकडे नुसती काच होती. कोरी काच. तिथे एकही पेशी नव्हती, आणि तिथेही हिरवे ठिपके लुकलुकत होते.

"मांडवाबाहेर दरवान?" ऋतुजानं विचारलं.

निलोफरनी दुसऱ्या कुणाचा नकाशा उघडला, मग तिसऱ्याचा. सगळीकडे कोऱ्या काचेवर तीच हिरवी धूळ. मग त्यांनी दसऱ्याच्या आधीचा एक नकाशा उघडला. काच स्वच्छ. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

"खंडेनवमी," त्या म्हणाल्या.

खंडेनवमीला मिरजेत कोण पूजा करत नाही? सतारी बनवणारे आपली पटाशी पुजतात, रिक्षावाले रिक्षा. नकाशा विभागातही दरवर्षी पूजा व्हायची. मेणात बसवलेल्या गाठीचे केसाहून पातळ काप काढणारं पात्याचं यंत्र, ते त्यांचं शस्त्र. शिर्के नावाच्या जुन्या तंत्रज्ञानं पात्याच्या खोबणीला हळदीकुंकवाची बोटं ओढली, निलोफरनी स्वतः झेंडू वाहिला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी यंत्र वरवर पुसून काम सुरू झालं. पण हळद मेणात सहज विरघळते. आणि विशिष्ट उजेडात धरली की हळद चमकते, दरवानांना लावलेल्या रंगासारखीच, पिवळसर हिरवी. अशी उसनी चमक ओळखण्यासाठी यंत्र एका कोऱ्या कापाचा उजेड आधी मोजून सगळ्यांतून वजा करतं. तो कोरा काप मात्र सणाच्या आधीच काढून ठेवला होता. त्याला हळद लागलीच नव्हती. जगातल्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत ही चूक झाली नसती.

"म्हणजे माझा अंक चुकीचा?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"चुकीचा असू शकतो. फक्त तुमचा नाही, मावशी. त्यानंतर काढलेले सगळेच. त्यातल्या कितीतरी जणांना आम्ही 'सोबत' देऊन घरी पाठवलंय."

रुग्णालयाचे संचालक डॉ. दाभोळे वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर भांडण सोपं झालं असतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पाणी प्यायले, निलोफरना एका शब्दानं दोष दिला नाही. मग म्हणाले, "ऐवळेबाई, तुमचा नकाशा उद्याच नव्यानं काढू. वर अंक आला तर लगेच औषध सुरू. बाकीच्यांसाठी आपण समिती नेमू."

"समिती कवा बसणार?"

"रीतसर, यथावकाश. बाई, समजून घ्या. आज हळदीची गोष्ट बाहेर गेली तर उद्या ज्याचा अंक बरोबर आहे तोही औषध सोडून बुवाकडे जाईल. मला हजारो लोकांचा विश्वास सांभाळायचाय. आणि त्यातल्या बहुतेकांचे अंक बदलणारही नाहीत. मग त्यांना उगाच आशा का लावायची?"

बोलणं बिनबुडाचं नव्हतं. ऋतुजा तर मान डोलवत होती. आईचं उद्या होतंय ना, मग झालं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"माझं शेवटी करा," वैजयंताबाई म्हणाल्या.

"काय?"

"आधी बाकीच्यांचं. सगळ्यांचं झालं की मग माझं."

"आई, वेडी झालीस का? गाठ वाढतीय! एकेक दिवस महाग आहे आणि तू रांग कसली लावतेस?"

"माझ्या काचेवरची हळद पुसायची आणि त्यांच्यावरची तशीच ठेवायची व्हय गं? मी भांडले म्हणून मला कळलं. ती माणसं गप घरात पडल्यात. त्यांना कुणीतरी हात हातात घेऊन सांगितलंय, गाठीचा विचार करू नका म्हणून. साहेब, मला त्यांची नावं द्या. मी जाऊन सांगते."

"नावं देता येत नाहीत. कायदा आहे."

"बरं. मग नावं नकोत," असं म्हणून त्या उठल्या. "नाव न घेता गावभर सांगायचं आमचं कामच हाय."

आठवडी बाजाराच्या दिवशी ऐवळे ब्रास बँड पूर्ण पोशाखात बाहेर पडला. लाल कोट, सोनेरी फीत, पांढरे बूट. मागे वरात नव्हती, नवरदेव नव्हता. पुढे ऋतुजा होती. आदल्या दिवशी आईशी कडाडून भांडून, मग एक अक्षरही न बोलता तिनं स्वतः कापडावर रंगवलं होतं, "दसऱ्यानंतर ज्यांचा नकाशा निघाला त्यांनी दवाखान्यात परत या. चूक झाली आहे." तो फलक धरून ती चालत होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. मारुती दाजींनी काठी वहिनींच्या हातात दिली आणि ताशा स्वतःच्या गळ्यात अडकवला.

बाजारपेठेतून, भाजीच्या पाट्यांमधून, एसटी स्टँडला वळसा घालून बँड निघाला. माणसं आधी हसली, मग फलक वाचून गप्प झाली, मग फोन काढून घरी, शेजारी, भावकीत सांगत सुटली. रुग्णालयाच्या फाटकाशी पोचल्यावर रखवालदार आडवा आला.

"मावशी, हितं शांतता क्षेत्र हाय."

"ठाऊक हाय. त्या शांततेनंच घात केलाय."

"पण किती वेळ वाजवणार?"

"लग्नात नवरदेव बाहेर येईस्तोवर वाजवतो. हितं ती माणसं येईस्तोवर."

आणि मग त्यांनी काठी दाजींना देऊन ट्रम्पेट उचललं. डॉक्टरांनी मना केलं होतं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं. गाल फुगवला की कळ थेट कानात जायची. तरी त्यांनी वरात दाराशी आल्यावर वाजवतात ती धून उचलली. पहिला सूर फाटला, दुसरा फाटला. तिसरा लागला आणि मागून गौसभाईंनी त्याला खांदा दिला. वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. गाऊनमधले पेशंट खिडक्यांशी आले, आणि त्यातल्या एकानं टाळ्यांचा ठेका धरला.

पोलीस आले, नाव-पत्ता लिहून गेले, परत आले. दुपार कलली तेव्हा फाटक उघडून डॉ. निलोफर बाहेर आल्या. संचालकांनी त्यांना बाहेर जाऊ नका म्हणून बजावलं होतं. त्या फलकाशेजारी उभ्या राहिल्या आणि वर्गात शिकवतात तशा खणखणीत आवाजात त्यांनी सगळं सांगितलं. हळद कशी लागली, कुणाच्या हातानं लागली, कोणत्या दिवसापासूनचे नकाशे संशयास्पद आहेत. "यंत्र चांगलं आहे. चूक आमची आहे. या, आम्ही परत बघतो."

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी माणसं येत राहिली. बेडगचा निवृत्त कंडक्टर, सलगऱ्याची म्हातारी सुनेच्या स्कूटरवर बसून, म्हैसाळचा एक शिक्षक जो "मी फक्त चौकशीला आलोय" असं प्रत्येकाला सांगत होता. आरगेची एक बाई एकटीच आली. "माझ्या मालकांचा पण करा," ती म्हणाली. "ते गेल्या आठवड्यात वारले. पण करा." निलोफरनी केला, आणि त्या बाईला शेजारच्या खोलीत बसवून बराच वेळ तिच्याशी बोलत राहिल्या. काय अंक आला ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही. दाभोळ्यांची समिती नेमायच्या आधीच निकामी झाली. फाटकाबाहेरची गर्दी पाहून त्यांनी खाली येऊन पात्याचं यंत्र स्वतःच्या देखत धुऊन घेतलं.

निम्म्याहून जास्त लोकांचे अंक वीसच्या वर गेले. कंडक्टरचा छत्तीस आला तेव्हा त्यानं गौसभाईंना मिठी मारली. मग सगळ्यात शेवटी, ठरल्याप्रमाणे, वैजयंताबाईंचा नकाशा निघाला.

निलोफर पडद्याकडे बघत उभ्या होत्या. कोरी काच आता खरोखर कोरी होती. पण गालाच्या कडेनं हिरवा गराडा तसाच होता. थोडा विरळ झाला होता, इतकंच.

"किती?"

"तेरा." निलोफर म्हणाल्या. "तुमचे दरवान खरे आहेत, मावशी."

ऋतुजानं आईचा दंड घट्ट धरला. सगळ्या गावासाठी झटलेल्या बाईच्या पदरात हे पडावं, याचा तिला इतका राग आला की रडूसुद्धा येईना. वैजयंताबाई मात्र पडद्याजवळ गेल्या आणि मान वाकडी करून बघत राहिल्या. भीती वाटली नाही असं नाही. त्यांनी टेबलाला हात टेकला.

"मॅडम, हे तेरा येतं कुठनं?"

"यंत्राला आधीच्या हजारो पेशंटांचे नकाशे दाखवलेत. तुमच्यासारखा नकाशा असलेली माणसं किती जगली, त्यावरून ते अंक काढतं. दरवर्षी नवे निकाल शिकतं."

"त्या माणसांना लढतीचं औषध दिलं हुतं?"

"अर्थातच..." निलोफर म्हणाल्या आणि तिथेच अडखळल्या. त्या हळूहळू खुर्चीत बसल्या. "नाही. सुरुवातीला जुनी औषधं होती. नवं औषध आलं तेव्हा वीसचा नियमही आला. तेव्हापासून वीसच्या खालच्या कुणालाच ते मिळालेलं नाही. सगळे सोबतीत गेले. आणि ते गेले की यंत्र तेही शिकतं. दरवर्षी असल्या नकाशांचा अंक आणखी खाली येतो. मला वाटायचं, यंत्र जास्त अचूक होतंय."

"म्हणजे औषध दिलं न्हाई म्हणून मेले," वैजयंताबाई म्हणाल्या, "आणि मेले म्हणून औषध द्यायचं न्हाई."

निलोफरनी तळव्यांत कपाळ धरलं. नियमात एक ओळ होती, ती त्यांना पाठ होती. नकाशा वाचणारा डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर, स्वतःच्या सहीनं अंक ओलांडू शकतो. आजवर कुठल्या जिल्ह्यात कुणी ती सही केलेली नव्हती. केली आणि पेशंट दगावला तर चौकशी ठरलेली. हळदीच्या प्रकरणानंतर तर त्यांची नोकरीच धाग्यावर लटकत होती.

"मॅडम," ऋतुजा म्हणाली. तिचा आवाज आता आईसारखाच खाली आला होता. "पेन देऊ?"

निलोफरनी तिच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला आणि सही केली.

"एक सांगते, मावशी," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. औषध चालेल की नाही, मला माहीत नाही. आणि यंत्रालाही माहीत नाही. तुमच्यासारखं कुणी लढताना त्यानं कधी पाहिलेलंच नाही."

वैजयंताबाईंनी सुजलेला गाल चाचपला, पदर खोचला आणि औषधाच्या खोलीकडे निघाल्या.

"मग आता बघू दे की."